पडद्यामागचे चाकर : लिनक्स संगणकातील पार्श्वसेवा आणि त्यांना रजा देण्याची रीत

संगणक सुरू करून आपण हात बांधून बसलो, एकही कळ दाबली नाही, तरी त्याच्या पोटात पुष्कळ जण जागे असतात. कोणी घड्याळ जुळवीत असतो, कोणी घडलेल्या गोष्टींची नोंदवही लिहीत असतो, कोणी जाळ्यातील तारेवर कान ठेवून असतो, तर कोणी छपाईचे काम येईल म्हणून ताटकळत असतो. यांतील कोणालाही पडद्यावर स्वतःची खिडकी नसते. आपण त्यांना बोलावलेले नसते आणि निरोपही देत नाही. लिनक्सच्या परिभाषेत अशा प्रोग्रॅमला ‘डीमन’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘सर्व्हिस’. त्यांना ओळखावे कसे, थांबवावे कसे, आणि थांबवणे केव्हा शहाणपणाचे असते, हा या लेखाचा विषय.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय पाहून काही वाचक भुवया उंचावतील. त्यांना एवढेच सांगतो की, भाषा विभागांच्या उपयोगासाठी आमच्याकडे जी जुनी संगणक-यंत्रे आहेत, त्यांवर लिनक्स आहे आणि त्यांची देखभाल आम्हा विद्यार्थ्यांकडेच आहे. प्रबंधिकांची टंकलिखिते, लोकगीतांची ध्वनिमुद्रणे, शब्दसंग्रहाच्या याद्या, सारे त्याच यंत्रांत साठवलेले असते. तेव्हा त्या घरात कोण वावरतो, हे घरच्यांना ठाऊक असायला हवे.

प्रथम शब्दाविषयी. ‘डीमन’ म्हणजे पिशाच असा आपला समज होतो. पण मूळ ग्रीक शब्दाला तो दुष्टपणा चिकटलेला नाही. देव आणि माणूस यांच्या मधली एक अदृश्य शक्ती, एवढाच त्याचा अर्थ. सॉक्रेटिसला आतून सावध करणारा जो आवाज ऐकू येई, त्याचे नावही याच शब्दापासून झाले आहे. संगणकात हा शब्द 1963 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ‘प्रोजेक्ट मॅक’ या प्रकल्पात आला. तेथील फर्नांडो कॉर्बाटो यांनी पुढे सांगितले की, तो त्यांनी पदार्थविज्ञानातून उचलला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने 1867 मध्ये एक कल्पना मांडली होती : दोन कप्प्यांमधल्या झडपेवर एक चिमुकला प्राणी बसला आहे आणि तो जलद रेणू एका बाजूला, मंद रेणू दुसऱ्या बाजूला सोडतो आहे. न थकता, न बोलता, पाठीमागे राहून काम उपसणारा हा जीव त्या मंडळींना आपल्या प्रोग्रॅमसारखा वाटला. आपल्याकडच्या गोष्टीतले भूत आठवा : काम दिले नाही तर ते मालकालाच खाते, म्हणून शहाणा मालक त्याला खांबावर चढ-उतार करायला लावतो. संगणकातला डीमन याच्या अगदी उलट स्वभावाचा. काम नसले की तो झोपतो, आणि झोपेत फारसे काही मागत नाही. हा भेद पुढे कामास येणार आहे.

या चाकरांचा एक कारभारी असतो. लिनक्सचा गाभा (1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स याने लिहावयास घेतलेला तो हाच) यंत्राचा ताबा घेतल्यावर एकच प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचा क्रमांक नेहमी 1. बाकी सर्वांना कामावर घेणे हे या पहिल्याचे काम. युनिक्सच्या जुन्या परंपरेत त्याला ‘इनिट’ म्हणत. त्याची रीत साधी होती : ठरावीक संचिकांत छोट्या आज्ञापत्रिका ठेवलेल्या असत, ज्या पत्रिकेचे नाव ‘एस’ अक्षराने सुरू होई ती सेवा सुरू करायची, ‘के’ ने सुरू होई ती बंद करायची, आणि अक्षरापुढच्या आकड्यावरून क्रम ठरायचा. ही पद्धत वाचायला सोपी होती यात शंका नाही. पण तिच्यात एक उणीव होती. सेवा सुरू होताना तिचा क्रमांक एका फाईलीत लिहून ठेवला जाई आणि थांबवताना तो क्रमांक वाचून त्याला ‘आवर’ असा निरोप जाई. दरम्यान त्या सेवेने स्वतःची चार मुले जन्माला घातली असतील आणि ती बापापासून वेगळी झाली असतील, तर बाप जाई आणि मुले घरात राहत.

आज बहुतेक प्रमुख वितरणांत कारभारी आहे तो ‘सिस्टमडी’. लेनार्ट पोएटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी तो 2010 मध्ये पुढे आणला. फेडोराने 2011 मध्ये पंधराव्या आवृत्तीत तो स्वीकारला, डेबियन आणि उबुंटू यांनी 2015 मध्ये. डेबियनमध्ये यावरून झालेला वाद चांगलाच कडवट होता. एकच प्रोग्रॅम इतक्या गोष्टी आपल्या हाती घेतो, हे युनिक्सच्या ‘एक काम, नीट काम’ या शिकवणीला सोडून आहे, असे विरोधकांचे म्हणणे. त्यांतील काहींनी वेगळी चूल मांडून ‘देवुआन’ हे वितरण काढले. मला विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य वाटते. पण सेवा थांबवण्यापुरते बोलायचे तर नवा कारभारी जुन्यापेक्षा निःसंशय सरस आहे. प्रत्येक सेवेला तो एका कुंपणात ठेवतो. हे कुंपण गाभ्यानेच घातलेले असल्याने सेवेची मुले-नातवंडे त्यातून निसटत नाहीत, आणि ‘थांब’ म्हटले की सारे कुटुंब थांबते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आज्ञा टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. मुख्य आज्ञा ‘सिस्टमसीटीएल’, म्हणजे ‘सिस्टम’ या शब्दाला लागून ‘कंट्रोल’मधली सी, टी, एल ही तीन अक्षरे. तिच्यापुढे ‘लिस्ट-युनिट्स’ आणि सेवांपुरती गाळणी लावली की चालू सेवांची यादी समोर येते. ‘स्टेटस’ आणि सेवेचे नाव दिले की तिची हकीकत कळते : केव्हापासून चालू आहे, किती मुले आहेत, नोंदवहीतल्या शेवटच्या ओळी कोणत्या. यादी पाहून प्रथम छाती दडपते. घाई न करता ती एकदा कागदावर उतरवून घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे ‘ही कशासाठी?’ याचे उत्तर लिहावे. ज्या नावापुढे उत्तर लिहिता येत नाही त्या नावाला हात लावू नये, हा आमच्या कक्षातील पहिला नियम.

बंद करण्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि नवशिक्यांचा घोटाळा नेमका येथे होतो. पहिली ‘स्टॉप’. हिने सेवा आत्ता थांबते. कारभारी तिला सभ्यपणे आवरण्याचा निरोप देतो, बहुधा दीड मिनिट वाट पाहतो, आणि तरी ती हटली नाही तर बळाने संपवतो. पण यंत्र पुन्हा सुरू केले की ती पुन्हा हजर. दुसरी पायरी ‘डिसेबल’. हिचा अर्थ उलटा : आत्ता जी चालू आहे ती चालूच राहील, मात्र पुढच्या वेळी आपोआप सुरू होणार नाही. सेवा ‘एनेबल’ असते म्हणजे काय, तर ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम’ या संचिकेतील एका यादीत तिच्याकडे बोट दाखवणारा दुवा असतो; ‘डिसेबल’ तो दुवा काढते, बस्स. म्हणजे एक आजचा हुकूम आणि एक उद्याचा. दोन्ही हवे असतील तर ‘डिसेबल’ला ‘--नाऊ’ हे शेपूट जोडावे.

परंतु एवढे करूनही सेवा परत आलेली दिसते, आणि मग लोक लिनक्सला नावे ठेवतात. कारण असे की, यादीतून नाव कमी झाले तरी तिला बोलावण्यास कोणाला मज्जाव झालेला नसतो. दुसऱ्या एखाद्या सेवेला तिची गरज असली तर कारभारी तिला उठवतो. त्यासाठी तिसरी पायरी आहे, ‘मास्क’. हिने सेवेच्या नावाचा दुवा ‘/डेव्ह/नल’ या अथांग विहिरीकडे वळवला जातो. मग तिला कोणीही हाक मारली, अगदी यंत्राच्या मालकाने ‘स्टार्ट’ म्हटले, तरी ती उठत नाही. परत आणायची तर आधी ‘अनमास्क’ करावे लागते. हे अस्त्र जपून वापरावे.

याचे उत्तम उदाहरण छपाईच्या सेवेचे आहे आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. लिनक्समधील छपाई ‘कप्स’ नावाची यंत्रणा पाहते. मायकेल स्वीट यांनी ती लिहिली, 1999 मध्ये ती बाहेर पडली, आणि 2007 मध्ये अ‍ॅपल कंपनीने तिचे हक्क विकत घेतले. आमच्या कक्षात प्रिंटर एकच, आणि तो एकाच यंत्राला केबलने जोडलेला. बाकीच्या यंत्रांवर कप्स हवीच कशाला? म्हणून ‘कप्स’ला ‘स्टॉप’ करावे, तर कारभारी स्वतःच बजावतो : ही थांबवतो खरी, पण ‘कप्स.सॉकेट’ आणि ‘कप्स.पाथ’ हे तिला पुन्हा उठवू शकतात. सॉकेट म्हणजे दारावरची घंटा. घरात कोणी नसले तरी घंटा चालू असते आणि ती वाजली की कारभारी सेवेला उठवून दारात उभी करतो. कोणी विद्यार्थी लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये ‘प्रिंट’ची खिडकी नुसती उघडतो, घंटा वाजते, आणि थांबवलेली कप्स डोळे चोळीत हजर होते. पाथ म्हणजे एका ठरावीक फाईलीवर ठेवलेला पहारा. ती फाईल दिसली की तोच परिणाम. म्हणून थांबवताना सेवा, सॉकेट आणि पाथ या तिघांची नावे एकाच आज्ञेत द्यावीत. सेवेच्या नावामागे काही न लिहिल्यास कारभारी ‘.सर्व्हिस’ असेच समजतो, तेव्हा बाकी दोन नावे शेपटीसकट लिहायला हवीत.

येथे एक अधिक सोपा वाटणारा मार्ग पुष्कळ जण धरतात : प्रोग्रॅमचा क्रमांक शोधून ‘किल -9’ ने त्याला ठार करणे. तो व्यर्थ आहे. कप्सच्या नेमणूकपत्रातच लिहिलेले असते की, अपघाताने मेल्यास पुन्हा सुरू करावे. सभ्य निरोपाने गेलेल्याला कारभारी ‘गेला’ म्हणतो. डोके उडवलेल्याला ‘अपघात’ म्हणतो आणि लगेच दुसरा उभा करतो.

कप्सचीच एक सोबतीण आहे, ‘कप्स-ब्राऊज्ड’. जाळ्यातील इतर प्रिंटर आपणहून शोधून यादीत घालणे हे तिचे काम. 26 सप्टेंबर 2024 रोजी सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन संशोधकाने तिच्यासंबंधी जे उघड केले, ते वाचून हा विषय मला नुसत्या टापटिपीचा वाटेनासा झाला. ही सेवा 631 क्रमांकाच्या द्वारावर बसून असे आणि ‘मी प्रिंटर आहे, माझा पत्ता अमुक’ असे कोणीही कळवले तरी विश्वास ठेवी. मग त्या पत्त्यावर जाऊन प्रिंटरची माहिती मागे. माहितीच्या जागी लबाडाने आपल्या आज्ञा घातल्या, तर त्या खोट्या प्रिंटरवर पहिले पान छापायला पाठवताच त्या आज्ञा आपल्या यंत्रावर चालत. हल्ला पुरा होण्यास कोणीतरी छापायला हवे, ही त्यातली अट; पण पाहुण्याला घरात घेण्यास कोणाचीही परवानगी लागत नव्हती. पुढे दुरुस्त्या निघाल्या. परंतु पहिल्या दिवसापासूनचा सल्ला एकच होता : गरज नसेल तर कप्स-ब्राऊज्ड थांबवा आणि ‘डिसेबल’ करा. ज्यांनी ती आधीच बंद केली होती, त्यांना या द्वाराने येणाऱ्याची काळजी करावी लागली नाही. केबलने जोडलेल्या प्रिंटरला तिची गरज नसते. म्हणून आमच्या कक्षात प्रिंटर असलेल्या यंत्रावर कप्स चालू आहे, ब्राऊज्ड नाही. इतर यंत्रांवर दोन्ही नाहीत.

हा धडा नवा नाही. 2 नोव्हेंबर 1988 रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने सोडलेला ‘किडा’ तेव्हाच्या इंटरनेटवरील अंदाजे सहा हजार यंत्रांत शिरला. त्याची एक वाट होती ‘फिंगर’ नावाच्या सेवेतून. कोण कोठे बसून काम करतो आहे, हे परक्याला सांगणारी ही सेवा. तिला अपेक्षेपेक्षा लांब प्रश्न विचारला की ती गोंधळून विचारणाऱ्याच्या आज्ञा पाळू लागे. दुसरी वाट टपालाच्या ‘सेंडमेल’मधून, त्यातील तपासणीसाठी ठेवलेली एक सोय उघडी राहिल्यामुळे होती. कित्येक यंत्रांवर फिंगर चालू होती ती कोणाला हवी होती म्हणून नव्हे, तर कोणी बंद केली नव्हती म्हणून.

आपल्या यंत्राची कोणती द्वारे उघडी आहेत हे ‘एसएस’ या दोन अक्षरी आज्ञेने, तिला ‘-टीयूएलपीएन’ जोडून, पाहता येते. पत्त्याच्या रकान्यात 127 ने सुरू होणारा आकडा असेल तर ते दार केवळ घरातल्या घरात उघडते. सारे शून्य असतील तर ते रस्त्यावर उघडते. सेवा बंद करण्याआधी आणि नंतर ही यादी पाहावी. 631 ची ओळ नाहीशी झालेली दिसते तेव्हाच काम झाले असे मानावे.

आता वेगाविषयी. सेवा बंद केल्याने जुने यंत्र धावू लागेल, ही आशा मी अनेकांच्या तोंडून ऐकतो. ती बव्हंशी फोल आहे. ब्लूटूथची किंवा मोडेमची सेवा काम नसताना झोपलेली असते. तिने अडवलेली स्मृती ब्राऊझरच्या एका पानापुढे किरकोळ ठरते. यंत्र सुरू होण्यास वेळ लागत असेल तर ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ ही आज्ञा कोणत्या सेवेने किती वेळ घेतला ते क्रमाने सांगते. मात्र ही यादी वाचतानाही तारतम्य हवे, कारण अनेक सेवा एकाच वेळी सुरू होत असतात. वर असलेले नाव इतरांना अडवून बसलेले असतेच असे नाही. कोणी कोणाला थांबवले ते ‘क्रिटिकल-चेन’ने कळते. ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ ही सेवा मात्र खरोखरच पुष्कळदा वाट अडवते : जाळे जोडले जाईपर्यंत ती इतरांना थोपवून धरते. ज्या यंत्रावर सुरुवातीलाच जाळ्याची कोणाला निकड नाही तेथे ती बंद करण्यास हरकत नाही.

याच वेगाच्या नादात आमच्या कक्षातल्या एका मित्राने आग्रह धरला की, आपोआप सुधारणा उतरवून घेणारी सेवा बंद करावी. ती सकाळीच चकती फिरवीत बसते आणि टंकन अडखळते. त्याची तक्रार खरी होती. अडखळत टंकलेखन करणे काय असते हे शब्दसूची करणाऱ्यालाच कळते. तरीही मी त्याला विरोध केला आणि आजही करीन. कप्सची दुरुस्ती असो वा आणखी कशाची, ती याच वाटेने घरी येते. ही सेवा स्वतः जागी राहत नाही; ‘टायमर’ नावाची घड्याळजी तिला ठरल्या वेळी उठवते. तेव्हा चाकराला काढून टाकण्याऐवजी घड्याळाची वेळ बदलता येते. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने टायमरच्या मूळ नेमणूकपत्राला पुरवणी जोडता येते, पुरवणीत आधी वेळेची जुनी ओळ रिकामी करायची आणि मग नवी लिहायची. जुनी रिकामी केली नाही तर दोन्ही वेळांना सेवा उठते. आम्ही वेळ दुपारच्या सुट्टीची ठेवली. सकाळ मोकळी झाली आणि दोघांचेही समाधान झाले. वादापेक्षा हे बरे.

काही नावांना हात लावू नये हे सांगितले पाहिजे. ‘डीबस’ हा सेवांमधला निरोप्या आहे. तो गेला की सारे मुके. ‘लॉगइनडी’ गेली तर आत येणेच अवघड. ‘जर्नलडी’ नोंदवही लिहिते, आणि बिघाडाच्या वेळी तीच एक साक्षीदार असते. पडद्यावर खिडक्या आणणारी सेवा थांबवली तर खिडक्या तत्काळ जातात, न साठवलेला मजकूर घेऊन. दूरच्या यंत्रावर ‘एसएसएच’मार्गे बसून काम करीत असाल तर विशेष जपावे : ‘एसएसएच’ची सेवा थांबवली तरी चालू असलेले संभाषण सहसा तुटत नाही, त्यामुळे सारे ठीक वाटते, पण एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत येता येत नाही. आणि जाळ्याचीच सेवा थांबवली तर ज्या फांदीवर बसलात तीच तोडल्यासारखे.

परतीची वाट प्रत्येक पायरीला आहे : ‘स्टॉप’ला ‘स्टार्ट’, ‘डिसेबल’ला ‘एनेबल’, ‘मास्क’ला ‘अनमास्क’. सेवा बंद करणे म्हणजे प्रोग्रॅम पुसून टाकणे नव्हे; तो चकतीवर जागच्या जागी असतो. ती पुढे चालू होणार की नाही हे ‘इज-एनेबल्ड’ने विचारता येते. उत्तर ‘स्टॅटिक’ असे आले तर तिला स्वतःहून सुरू होण्याची सोयच नाही, दुसरे कोणी बोलावतात तेव्हाच ती येते. अशा सेवेला ‘डिसेबल’ करून काही साधत नाही, बोलावणारा शोधावा लागतो. त्यासाठी ‘लिस्ट-डिपेंडन्सीज’ला ‘--रिव्हर्स’ जोडून तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे ते पाहावे.

आमच्या कक्षात यासाठी एक साधी वही ठेवली आहे. यंत्राचा क्रमांक, सेवेचे नाव, तीनपैकी कोणती पायरी, दिनांक, कारण आणि करणाऱ्याची सही. ‘मास्क’ केलेल्या नावांखाली तांबडी रेघ असते, कारण पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला ती सेवा हवी असेल आणि ‘स्टार्ट’ म्हणूनही ती का उठत नाही, हे त्याला त्याच पानावर कळले पाहिजे.